फ्रिजवर चादर

"आंटी, ये फ्रिज थोड़ा छुपा सकते हैं क्या?"

भाईंदरला, नवघरच्या आमच्या घरात, पंख्याखाली उभा राहून रोहन माझ्या आईला विचारत होता. रोहन माझ्या वर्गातला. उद्धट नव्हता, उगाच खोटं कशाला सांगू. आवाज गोड होता. आईला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना शूटिंगमध्ये फ्रिज दिसायला नकोय," मी म्हटलं.

"का गं? चालतोय की चांगला."

मी तेव्हा मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होते, मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजात. मीडिया थिअरीच्या पेपरात ओळख आणि प्रतिनिधित्व असा एक भाग होता. कोण कोणाला दाखवतंय ते आधी बघा, असं सर शिकवायचे. मला ते इतकं पटलं होतं की घरी येऊन मी बाबांना ऐकवलं. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. "बरोबर बोलतायत तुझे सर," असं म्हणाले.

त्याच पेपरासाठी गटानं माहितीपट करायचा होता. आमचा विषय ठरला, उपनगरातली गरिबी. कॅमेरा रोहनचा, एडिटिंगचा कॉम्प्युटर रोहनचा. गटात भाईंदरहून येणारी मी एकटी. माझ्याकडे फक्त घर होतं.

आईनं पाहुण्यांसाठी पोहे केले होते. ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती. अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालं होतं, पोरीच्या कॉलेजचं शूटिंग आहे म्हणून.

"आंटी, रोज़वाली साड़ी पहनिए ना. नॅचरल लगेगा."

आई आत जाऊन साडी बदलून आली. फ्रिजवर चादर तिनंच टाकली, कोपरे नीट खोचून. माझी बक्षिसं शोकेसमधून उचलून पलंगाखाली सरकवली. घडी केलेली अंथरुणं विस्कटली, तीही तिनंच. पोरीचे मार्क होते ना त्यात! आणि मी भिंतीला टेकून बघत राहिले. रडू येत होतं. लाज वाटत होती, फ्रिजची की चादरीची तेच कळत नव्हतं.

कॅमेरा सुरू झाला. आई खुशीत बोलायला लागली. "मैं बचत गट चलाती है. मेरी लड़की घर में पहली ग्रॅज्युएट होनेवाली है..."

"आंटी, वो सब ठीक है. पानी की तकलीफ़ बताइए."

पाणी एक दिवसाआड यायचं, ते खरंच होतं. तेवढंच तिनं सांगितलं. फिल्ममध्ये तेवढंच राहिलं, मागे रडकी बासरी लावून.

कॉलेजात फिल्म दाखवली त्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. आई आली. पडद्यावर स्वतःला बघत बसली. टाळ्या खूप पडल्या. संपल्यावर रोहनच्या आईनं तिचा हात हातात घेतला.

"हमारे यहाँ पुराने कपड़े बहुत पड़े हैं. अच्छे हैं. भेज दूँ?"

आई कसंनुसं हसली. "थँक्यू," म्हणाली.

त्या थँक्यूनं माझं डोकं फिरलं.

"नहीं चाहिए."

"अरे बेटा, बुरा मत मानो."

"नहीं चाहिए बोला ना!" मी ओरडले. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. आई माझा दंड धरून मला बाहेर घेऊन गेली. भाईंदरला उतरून रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मार्क कापणार नाहीत ना गं?"

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. म्हटलं, माझ्या आईचा भाग काढून टाका.

"त्यांनी परवानगी दिली होती," सर म्हणाले. "आणि फिल्म स्पर्धेला गेलीये."

"ते खोटं आहे, सर. घर असं नाहीये आमचं. तुम्हीच शिकवलंत ना, कोण कोणाला दाखवतंय ते बघा?"

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "तू विषयाच्या फार जवळ आहेस. तुला तटस्थपणे बघता येत नाहीये."

"मग माझं नाव काढा."

ते मात्र लगेच झालं. प्रोजेक्टचे मार्क गेले, फर्स्ट क्लास हुकला. फिल्मला बक्षीस मिळालं. पुढच्या बॅचला नमुना म्हणून तीच दाखवायला लागले. माझं नाव निघालं, पण आई तिथेच राहिली. तिला तिथून बाहेर काढणं मला जमलं नाही. आजही माझ्या हातात काही नाही.

पण सरांचं ते वाक्य मी विसरलेले नाही. फार जवळ आहेस म्हणाले. हो, आहे. आणि तिथून हलणार नाही. आमच्याबद्दल कुणी बोलायला लागलं की मी मध्येच बोलणार. मार्क गेले तरी, काम गेलं तरी. आणि मला त्यासाठी कुणाचीही परवानगी लागणार नाही.