काका, वळवते हं

शकू, अशी जवळ ये, कान पकडायचाय तुझा. परवा लग्नात कुणी विचारलं, "लेक काय करते?" तर "नर्स आहे" हे तू इतकं हळू का सांगितलंस गं?

आमचे हे अतिदक्षता विभागात होते तेव्हाची गोष्ट. घशात नळी, शुद्ध नाही. मी काचेच्या अर्धवट उघड्या दाराबाहेर बसून बघायची. तुझी वैशाली दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. पण हात लावायच्या आधी कानाशी वाकून सांगायची, "काका, आता डाव्या कुशीवर वळवते हं."

भेटीच्या वेळी मी तिला म्हटलं, "अगं, त्यांना कुठलं ऐकू येतंय?"

"येत असेल तर, मावशी? न सांगता कुणी तुम्हाला हलवलं तर चालेल?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या अंगावरचं पांघरूण मी कधी सांगून ओढलं नाही!

भोवती एवढी यंत्रं, सगळ्यांवर तिची नजर. पण माझा जीव तिच्या त्या एका वाक्यावर टांगलेला. हे आहेत की गेले, मलाच कळेना. ती मात्र ते आहेत असं धरूनच बोलत होती.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काका, वळवते हं," आणि ह्यांनी आपणहून खांदा उचलला. जरासाच. पण उचलला.

तेव्हा बाई, पुढच्या वेळी मोठ्यानं सांग. आणि लेकीला घेऊन लवकर ये घरी. दार हेच उघडतील.