जुन्या मारुतीपासून मोजा

बाई गेल्याचं मला गावाहून कळलं. बाईंच्या भाचीने फणसवाडीतल्या त्यांच्या घरून पहिला फोन आमच्या गावी केला होता. आई एवढंच म्हणाली, "तुझ्या बाई गेल्या रे... आज कुणी गाडी जुंपली नाही."

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो बाईंमुळे. त्या आम्हाला कॉलेजात भूगोल शिकवत. रद्दीतून मिळवलेले जुने सर्वेक्षण-नकाशे घरी जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर आमटीच्या वाट्या ठेवत. तापीकाठच्या आमच्या रानाचा नकाशा पाहून म्हणाल्या, "अरे, उंचीची एकच रेघ! आमच्या कोकणात बोट ठेवायला जागा नसते." मी ओशाळलो. "लाजतोस काय? सपाट रानात माणसांनी केलेलंच दिसतं. विहिरी बघ, वाटा बघ." तिथेच मला गावातून नदीकडच्या शेतांकडे जाणारी तुटक रेघ दिसली. ती आमची गाडीवाट. एका शेतकऱ्याने ती नांगरून टाकली होती आणि ‘इथे वाट नव्हतीच’ म्हणत होता. पलीकडे शेत असलेली माझी आई कापूस डोक्यावरून वाहत होती.

आमच्या अर्जावरून तहसीलची माणसं पाहणीला आली, त्या दिवशी, तोवर निवृत्त झालेल्या बाई नकाशा घेऊन गावी हजर! गावच्या वेशीपासून मोजलं, तर रेघ थेट एका विहिरीत गेली. "बाई, तुमच्या नकाशात बैल पोहत होते काय?" वाट नांगरणारा म्हणाला. सगळे हसले, बाईही. मग आई पुढे झाली. "पोळ्याला आमचे बैल आधी जुन्या मारुतीला जातात. पूर्वी गाव तिथंच होतं. पुरानंतर इकडं वर आलं."

बाई ओरडल्याच, "मग जुन्या मारुतीपासून मोजा!"

आता रेघ दोन चिंचांमधून सरळ निघाली. नकाशात नाल्यावर मोरीची खूण होती. तिथे कुदळ मारली आणि घडीव दगड वाजला... अख्खं गाव ओरडलं! त्या शेतकऱ्याने दगडावरची माती हाताने पुसली. म्हणाला, "पीक निघू द्या, मग काढा वाट." वाट मोकळी झाली, तेव्हा पहिल्या गाडीत बाई बसल्या होत्या, नकाशा छातीशी धरून. "हळू हाक रे, हा माझ्यापेक्षा म्हातारा आहे!"

गेल्या आठवड्यात भाचीने तो नकाशा माझ्या हाती दिला. परळच्या घरी पसरला, तर कोपरे वळायला लागले. स्वयंपाकघरातून चार वाट्या आणल्या. एका कोपऱ्यात आमटीचा पिवळा गोल डाग आहे; त्यावर वाटी बरोबर बसली. आईला फोन लावला. मागे घुंगरं वाजत होती.

"कुठे आहेस?"

"वाटेवर," आई म्हणाली. "कापूस घेऊन घरी चाललेय. गाडीत बसून."