बाबांचे बुडबुडे

शार्क बघायला येणारी माणसं बोटीत चढताना खूप बोलतात आणि पाण्यात उतरायची वेळ आली की एकदम गप्प होतात. सहा वर्षं मी हेच बघत आले आहे. माझे बाबा उलटे निघाले. बोटीत चढल्यापासून तोंड मिटून बसले होते. पाठीवर टाकी बांधून, पाय पाण्यात सोडून काठावर बसवलं तेव्हा त्यांना बोलायला सुचलं.

"किती खोल हाय म्हणते?"

"पस्तीस फूट, बाबा."

"एवढंच काय. आपल्याकडच्या मोठ्या बगीच्यातली इहीर पन्नास फूट हाय."

मला नेमकी याचीच भीती वाटत होती. शार्कची नाही, त्या विहिरीची.

आमचं गाव लोधीखेड्याकडून सौंसरला जाताना लागतं. आमचं शेत थोडंसंच. पण आसपासच्या दहा गावांत बाबांची ओळख होती ती विहिरीतल्या कामामुळे. संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीत मोटरीचा पाइप तळापर्यंत सोडलेला असतो आणि त्याच्या टोकाला जाळीचा फुटव्हॉल बसवलेला असतो. त्यात पालापाचोळा, गाळ अडकला की मोटर नुसती घुमते, पाणी चढत नाही. ऐन उन्हाळ्यात असं झालं तर झाडं माना टाकतात. मग कोणीतरी धावत आमच्या दारात यायचं. बाबा शर्ट काढायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि खाली जायचे. वर यायला त्यांना इतका वेळ लागायचा की काठावरच्या बाया बोलणं थांबवायच्या.

मी पोहायला त्यांच्याकडूनच शिकले. पाठीला तेलाचा रिकामा पिपा बांधून त्यांनी मला ढकललं. पुढे पिपा गेला, आणि अकराव्या-बाराव्या वर्षी मीही फुटव्हॉल साफ करायला उतरू लागले, कारण माझा हात जाळीच्या मागे सहज जायचा. आठवीत शाळा सुटली. आई आजारी होती, घर बघायला कोणी नव्हतं, असं मी सांगते आणि ते खरं आहे. पण फळ्यासमोर उभं केलं की माझ्या छातीत धडधड व्हायची, येत असलेलं उत्तरही पळून जायचं, हेही तितकंच खरं. विहिरीत तसं कधी झालं नाही. खाली कोणी काही विचारत नाही. श्वास छातीत धरायचा, काम करायचं आणि वर यायचं.

माझी मामेबहीण अंदमानातल्या एका बेटावर हॉटेलात कामाला होती. तिनं बोलावलं म्हणून मी आले. पहिलं वर्ष चादरी धुण्यात गेलं. एक दिवस धक्क्यावरून कोणाचा तरी, डायव्हर कमरेला बांधतात तो शिशाच्या वजनांचा पट्टा पाण्यात पडला. सगळे वाकून बघत होते. मी ओढणी कमरेला खोचली, उडी मारली आणि पट्टा घेऊन वर आले. शेजारच्या डायव्हिंगच्या दुकानाच्या मॅडम तिथं उभ्या होत्या. त्यांनी मला आधी रागावून घेतलं, मग नाव विचारलं, आणि पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्याकडे लागले. माझ्या हातून होईल की नाही हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी विचारत राहिले, रोज, आणि त्या रोज तेच सांगत राहिल्या: उद्या सकाळी सातला ये. त्यांच्या या वाक्याचे माझ्यावर किती उपकार आहेत ते त्यांना ठाऊक नसेल.

त्यांनी शिकवलेला पहिला नियम असा, की टाकी लावून खाली गेलं की श्वास कधी रोखायचा नाही. खोल पाण्यात आपण दाबलेली हवा घेतो. वर येताना ती छातीत फुगत जाते. तोंड बंद ठेवून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं, अगदी थोड्या फुटांतसुद्धा. म्हणून श्वास आत, श्वास बाहेर, सतत. पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांना जमतं, कारण त्यांना दुसरं काही येतच नसतं. मला चार महिने लागले. पाण्याखाली जरा काही वेगळं दिसलं की माझी छाती आपोआप बंद व्हायची. मॅडम समोरून बोट दाखवायच्या, माझ्या डोक्यावर. बुडबुडे दिसत नाहीत म्हणून.

आणि मी विहिरीत जेमतेम तीन वर्षं काम केलं होतं. बाबांनी चाळीस वर्षं केलं होतं.

ते आले ते संत्र्याचा तोडा झाल्यावर. पांढुर्ण्याहून चेन्नईपर्यंत रेल्वेनं, पुढे जन्मात पहिल्यांदा विमानानं. पिशवीत वीस संत्री, जामसांवलीच्या हनुमानाचा प्रसाद आणि एकच जास्तीचा शर्ट. दहा दिवस सुट्टी म्हणून राहायचं, हेच त्यांना पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी खोली झाडली, गळका नळ दुरुस्त केला आणि म्हणाले, "आता शार्क दाखव."

"कशाले बाबा? कासव पाहा. काठावरूनच दिसते."

"गावात मले विचारते, पोरगी काय करून राहिली तिकडं. मी सांगतो, लोकायले शार्क दाखवते. मंग हासते. म्हणते, तुम्ही तरी पाह्यला का? आता मी कसं हाव म्हणू?"

मी त्यांना इथल्या डॉक्टरांकडे नेलं, या आशेनं की डॉक्टर नाही म्हणतील. डॉक्टरांनी छाती तपासली, वय पुन्हा विचारलं आणि लगेच सही केली.

उथळ पाण्यात सरावाच्या वेळी मॅडमनी हिंदीत सगळं समजावलं. बाबा प्रत्येक वाक्याला "हो जी" म्हणत होते. तेच मी मराठीत सांगायला गेले तर म्हणाले, "समजलं व. पाण्यात उतराले तू कोणाजवळ शिकली?"

"तुमच्याजवळच. म्हणूनच सांगून राहिली."

"मंग गुरूले नको शिकवू."

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. कमरेइतक्या पाण्यात ते छान श्वास घेत होते, पण मधूनच बुडबुडे थांबायचे आणि मग पुन्हा सुरू व्हायचे. मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, मी मागून टाकी धरून ठेवीन, एक क्षणही सोडणार नाही. तू समोर राहा, तोंडाकडे बघत. दहा फुटांवर थांबू. तिथं नीट जमलं तरच पुढे.

दहा फुटांवर त्यांनी इतका शांत श्वास घेतला की मलाच स्वतःची लाज वाटली.

मग आम्ही खडकाच्या कडेनं खाली गेलो. पाहुण्यांना नेते तेव्हा मी खूप काही दाखवते: निळे मासे, समुद्रकाकड्या, खडकातून तोंड काढून बसलेला सापासारखा वाम मासा. त्या दिवशी काही दाखवलं नाही. मी उलटी पोहत होते, त्यांच्याकडे तोंड करून, आणि त्यांचे बुडबुडे मोजत होते. आत. बाहेर. आत. बाहेर. मला माझ्या शाळेच्या दिवसांसारखं धडधडत होतं.

मग त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. आणि बुडबुडे थांबले.

मागे शार्क आहे हे मला कळलं. ती जागाच तशी आहे, तिथल्या कपारीखाली पांढऱ्या टोकाच्या परांचा एक शार्क नेहमी पडून असतो, माणसाएवढ्या लांबीचा, आणि कोणाच्या वाटेला जात नाही. मी वळून पाहिलं नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. पाच. सहा. बाबांची छाती फुगलेली होती आणि त्यामुळे ते हळूहळू वर उचलले जात होते. मॅडमनी त्यांना मागून खाली ओढून धरलं होतं. पण धरून ठेवण्यापलीकडे त्या काय करणार? छातीतली हवा बाहेर सोडणं त्यांच्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. ते एकटे बाबाच करू शकत होते, आणि बाबा तर आयुष्यभर जे करत आले तेच करत होते.

अकरा. बारा. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. बोटानं खूण केली. त्यांचं लक्षच नव्हतं. मग मला सुचलं ते मी केलं. तोंडातली नळी काढली, त्यांच्या अगदी डोळ्यांसमोर आले आणि ओठांतून बारीक बारीक बुडबुडे सोडायला लागले. असं करा, बाबा. हे बघा, असं.

त्यांनी बघितलं. पण त्यांना त्यात धडा दिसला नाही. त्यांना फक्त पोरीच्या तोंडात नळी नाही एवढंच दिसलं.

ते ओरडले. नळीतून शब्द येत नाहीत, एक घोगरा हुंकार येतो, तसा आला, आणि त्याच्याबरोबर छातीतली सगळी हवा एका लोटात बाहेर पडली. माझ्या डोळ्यांवरच्या काचेसमोर पांढरंच पांढरं झालं. त्या पांढऱ्यातून त्यांचा हात आला, माझी लोंबणारी नळी पकडून त्यांनी ती माझ्या तोंडात कोंबली, उलटी. माझा ओठ फुटला. मी ती सरळ केली आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ते जोरजोरात श्वास घेत होते. आत, बाहेर, आत, बाहेर. इतकं चांगलं दृश्य मी त्या समुद्रात पाहिलेलं नाही.

आम्ही हळूहळू वर आलो. बोटीत बसताक्षणी त्यांनी तोंड उघडलं.

"येडी झाली का व? ते काहून काढलं तोंडातून?"

"बाबा..."

"मॅडम, तुम्ही हिले असंच शिकवलं का?"

मॅडमनी मला डोळ्यांनी विचारलं, मी सांगू का? मी नको अशी मान हलवली. हे मलाच सांगायचं होतं. घरात बाबांचं चुकलं असं मी कधी म्हटलं नव्हतं. आईही म्हणायची नाही. माझ्या ओठातून रक्त येत होतं आणि माझा आवाज फळ्यासमोर व्हायचा तसा झाला होता.

"बाबा, तुम्ही दम धरला होता."

"नाही धरला."

"धरला. मी मोजून राहिली होती. मॅडमनी धरलं नसतं तर तुम्ही तसेच वर गेले असते. मंग काय झालं असतं ते तुम्हाले सांगितलं होतं ना?"

बोटवाल्यानं इंजिन सुरू केलं. बाबांनी टॉवेलानं डोकं पुसलं, मग माझ्याकडे दिला, ओठ पुसायला. बेट जवळ यायला लागलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलले.

"तो तुया मागं होता. नुसता पडून होता, तोंड उघडझाप करून राहिला होता. मले वाटलं, तुले दिसला नाही."

"मले माहीत होतं बाबा."

"मले कसं कळन, तुले माहीत हाय का नाही?" मग म्हणाले, "तू इहिरीत जायची ना लहानपणी, तवा मी वरती दम धरून बसायचो."

"कशाले?"

"मंग कसं समजन, तुया दम किती उरला? घड्याळ थोडी होतं. तू गेली की मी धरायचो. माहा दम तुयापेक्षा मोठा. अर्धा संपला आन् तू दिसली नाही, का मी उडी माराची. आमच्यात सारे असंच करते. वरचा माणूस खालच्यासंगं धरते."

विहिरीतून मी वर यायचे तेव्हा बाबा काठावर धापा टाकत असायचे, हे मला आठवलं. मला वाटायचं, गाळाची बादली ओढून दमले असतील. तीन वर्षं, कितीतरी विहिरी. खाली मी एकटीच आहे असं समजून मी स्वतःच्या धिटाईवर खूश असायचे.

"आज बी तसंच झालं," ते म्हणाले. "मी काही केलं नाही. आपोआप झालं."

ज्या सवयीनं ते आज मरू शकले असते, तिच्यावर रागवायचं कसं, हे मला कळेना. अजूनही नीट कळलेलं नाही. मला एवढं समजतं, की काही माणसं आपल्यासाठी काय करतात ते आपल्याला फार उशिरा, आणि तेही त्यांचं काही चुकल्यावरच कळतं.

ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. मॅडम उथळ पाण्यात न्यायला तयार होत्या. बाबा म्हणाले, "पाह्यला मी. आता गावात सांगतो." राहिलेले दिवस ते धक्क्यावर बसून असायचे, संत्री सोलत, आणि आल्यागेल्याला फोडी देत. मी पाहुण्यांना घेऊन बोटीत चढायचे तेव्हा उठून उभे राहायचे.

शेवटच्या सकाळची डाइव्ह धक्क्याच्या समोरच होती. चार पाहुणे तयार होते. मी टाकी बांधून धक्क्याच्या पायऱ्यांवर उभी राहिले आणि बाबांना म्हटलं, "मी जाऊन राहिली. पन्नास मिनिटं लागते. तुम्ही वरती श्वास घेत राहा."

"घेऊन राहिलो ना व," ते म्हणाले. "जाय तू, तुये पाहुणे थांबले."

मी उतरले. खाली तिथल्या कपारीतही एक शार्क होता, पाहुण्यांनी त्याचे पुष्कळ फोटो काढले. सगळ्यांच्या टाक्यांत अजून बरीच हवा होती, तरी मी चाळिसाव्या मिनिटालाच सगळ्यांना वर यायची खूण केली.