सातव्या पायलीपर्यंत

पायलीचं नाव काढलं का तुम्ही रुमाल काढला असन. तुम्हाले वाटलं असन, आता हा पोट्टा जुना काळ किती गोड होता ते सांगन अन् किलोले शिव्या देइन. ठेवा रुमाल खिशात. मी किलोवाला आहे. पायली बंद करा, किलोनं मोजा, असं ओरडत मी गावोगाव फिरलो. आजही विचारलं तं मी तेच म्हणीन.

कॉलेजात आमचं पाच-सहा पोट्ट्यांचं टोळकं होतं. ग्राहक जागृतीच्या नावानं आम्ही पथनाट्य करत होतो. आमचा जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, पण पायल्या जशा काही साऱ्या आमच्याच वाट्याले आल्या होत्या. सिहोऱ्याची पायली वेगळी, करडीची वेगळी. अन् एकेका घरात दोन-दोन. धान घ्यायची एक, अन् कापणीवाल्या बायांले मजुरीचं धान द्यायची दुसरी, बुड ठोकून-ठोकून आत घातलेली. ती पायली आम्ही चौकात उलटी करून साऱ्यांले दाखवत होतो, मंग तिच्यातलं धान काट्यावर टाकत होतो. बाया काट्याकडं पाहत, मंग मालकाकडं पाहत. मालक आभाळाकडं पाहे.

नाटकात धान मोजणारा मापारी मी होतो. दुसरा कोण होइन? मले साऱ्यांचे आवाज काढता येतात. हेडमास्तरचा येते, वरठी स्टेशनवरच्या अनाउन्समेंटवाल्या बाईचा येते, आमच्या मायचाही येते, पण तो घरात काढला का उलथनं बसते. मापाऱ्याले मात्र मी माह्या आजाचा आवाज घेतला होता. मायच्या बापाचा.

आजा करडीचा. धान चुरून, म्हणजे मळून, रास पडली का सारं गाव त्याले मोजाले बोलवे. तो 'एक' कधी म्हणतच नव्हता. पहिली पायली म्हणजे 'लाभ'. अन् दुसरी पायली भरतवरी तेच गात राहायचं, मोजणी चुकू नये म्हणून. "लाभ गा लाभ, लाभच लाभ..." मंग "दोन गा दोन..." हरेक आकड्याची चाल वेगळी. सातले आवाज असा वर चढे का धानाच्या बांधीतले बगळे उडत. तो मोजत असला का मधात कोणी बोलायचं नाही, घरचा जावई असला तरी.

मंग गावात इलेक्ट्रॉनिक काटे आले अन् आजाले बोलावणं बंद झालं. मंग त्याले लकवा मारला अन् आवाजही गेला. काट्यानं लकवा आणला असं मी म्हणत नाही. डॉक्टरनं बीपी सांगितला होता. पण दोन्ही गोष्टी एकामागं एक आल्या, एवढं खरं.

नाटकात मी धोतर नेसून सात पायल्या मोजत होतो. सात झाल्या का माहा दोस्त काटा घेऊन घुसे अन् म्हणे, "ओ आजा, ते गाणं राहू द्या, किलो सांगा किलो!" मी डोकं खाजवत उभा. लोक हासून-हासून लोळत. करडीले खेळ झाला तव्हा मामानं आजाले खाटेसकट पंचायतीसमोर आणून बसवलं होतं. माय त्याच्या बाजूले. त्याच्यासमोर मी त्याचाच आवाज काढला. सातवर दोस्त घुसला, लोक हासले, खेळ पुढं सरकला. आजाचे ओठ मात्र हालतच होते. मले वाटलं, तोंडात तंबाखूचा खर्रा असन.

दिवाळीच्या आधी आजा गेला.

दिवाळीनंतर धानाचं चुरणं झालं. माय मले घेऊन करडीले गेली. खळ्यावर रास पडली होती. मामानं काटा लावून ठेवला होता, व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर यायचा होता. मायनं घरातून आजाची पायली आणली. पितळेची, कडा घासून पातळ झालेली.

मामा म्हणे, "बाई, ते कायले? काटा आहे नं."

"व्यापाऱ्याचं काट्यानं मोज. घरच्या कोठीचं याच्यानं होऊ दे." अन् माह्याकडं वळली. "बाबू, तुले आजाचा आवाज येते. एकदा मोज त्याच्यासारखं. लकवा झाला तव्हापासून मी बाबाचं बोलणं ऐकलंच नाही. आता तुह्याजवळच आहे ते."

मी म्हणालो, "तिकीट लागन हो, बाई." ती हासली नाही. मंग मीही खाली बसलो.

ती माह्याकडं पाठ करून, तणसाच्या ढिगाकडं तोंड करून उभी राहिली. म्हणजे मी दिसू नये, आवाज तेवढा यावा.

मी पायली भरली. "लाभ गा लाभ, लाभच लाभ..." मामाचा हात काट्यावरून खाली आला. "दोन गा दोन..." मामी सूप घेऊन येत होती, ती तठीच थांबली. चारले मायचा पदर तोंडावर गेला. पाचले मलेही वाटलं का हा मी नाही. सहा झाले. सातले आवाज वर चढवला, चांगला खेचला.

आठवी पायली भरली अन् तोंड उघडलं. काहीच आलं नाही. सातनंतर दोस्त घुसे. त्याच्या पुढं मी कधी गेलोच नव्हतो. आठची चाल लहानपणी कितीदा ऐकली असन, पण ती सापडंना. शेवटी माह्याच आवाजात, वर्गात हजेरी द्यावी तसं निघालं, "आठ."

माय वळली. तिनं मले पाहिलं.

बाकीचं धान काट्यानं मोजलं. काटा बरोबर होता. माय पायली पोटाशी धरून बांधावर बसून होती. मी जवळ गेलो, म्हणालो, "चाल माय, बस जाइन."

"तुले आठ नाही येत?" ती म्हणे. "माह्या बापाले साऱ्या जिल्ह्यात नाचवलं नं तू? सिहोऱ्याले नाचवलं, वरठीले नाचवलं, अन् आठ नाही येत? मेल्या, तुह्या नाटकात त्या पोट्ट्यानं अडवलं तरी तो थांबला नव्हता. तोंडातल्या तोंडात मोजतच होता. मी पाहत होती नं बाजूले बसून! साऱ्याइचे आवाज काढते म्हणे मोठा! त्याचे ओठ पाहून तरी शिकला असता, भोकन्या. हास आता. काढ कोनाचा आवाज. काढ नं!"