मैत्रिणीचा दक्षिण उतार

माझे वडील नाशिककडचे द्राक्ष बागायतदार. म्हणून इकडे परदेशात, ओंगारला घर घेतल्याबरोबर मी मागच्या अंगणात सहा वेली लावल्या. थंड हवेत पिकणारी, वाइनची जात. चार उन्हाळे गेले. पानं भरघोस, घड मात्र हिरवेच राहायचे, आणि सप्टेंबरात त्यांवर भुरीची पांढरी बुरशी चढायची.

माझी मैत्रीण डॉक्टर, मुंबईत फ्लॅटमध्ये वाढलेली. तिनं वेक्सफर्डला समुद्राजवळ घर घेतलं आणि माझं बघून वेली लावल्या. तिसऱ्याच वर्षी तिचा फोटो आला: काळेभोर घड. मी अंगठा पाठवला आणि फोन उलटा ठेवला.

तेव्हा बाबा आमच्याकडे आले होते. तिनं आम्हाला आग्रहानं बोलावलं. गाडीतून उतरून बाबा थेट तिच्या उतारावर गेले, माती उचलून बोटांत चुरली.

"मुरमाड हाये. पाणी थांबत नाई." मग दगडावर तळवा ठेवला. "ढग आले तरी कोमट लागतोय बघ. दक्षिणेचं ऊन धरून ठेवतो. वरच्या झाडीनं वारा अडतो, गार हवा खाली निघून जाते. पोरी, लई नशीबवान जागा!"

हे 'पोरी' तिला होतं.

"आणि माझी जागा?" मी विचारलं.

"चिकणमाती. त्यात घराची सावली. तुझं चुकलं नाई, जागा चुकली."

यानं बरं वाटायला हवं होतं. पण बाबांनी तिच्या हातात कात्री दिली, कुठली काडी राखायची ते शिकवू लागले. लहानपणी मी कात्री मागितली की ते मला अभ्यासाला पिटाळायचे.

परतताना गाडीत मी ते बोलून दाखवलं.  बाबा म्हणाले, "तू बागेत अडकू नये, एवढंच डोक्यात होतं. शिकवायला पाहिजे होतं."

फेब्रुवारीत मैत्रिणीचा फोन आला. "काका सांगून गेले, पण छाटायची हिंमत होत नाहीये. येतेस? वरची ओळ तुझी."

मी गेले. माझ्या वेलींच्या काड्याही तिथंच लावल्या, अंगणातल्या उपटून टाकल्या. पुढे माझ्या ओळीलाही काळे घड आले. तिच्या ओळीला जास्त आलेत का, हे मात्र मी दर वेळी ती चहा करायला आत गेली की मोजते.