सुभेदारांचा कडू घास

नाव: नाथाजी दौलू रणवरे. राहणार: मौजे माळबोरी, तालुका फलटण, जिल्हा सातारा. वय: आधारकार्डाप्रमाणे एकाहत्तर, स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे सदुसष्ट. हुद्दा: सैन्यातून निवृत्त हवालदार, पुढे गावाने परस्पर बढती देऊन सुभेदार केले व सदर इसमाने ती नाकारली नाही. अध्यक्ष, तंटामुक्ती समिती. निवड बिनविरोध, कारण विरोध करणाऱ्याशी सदर इसम बोलत नसे. ओळखीची खूण: हनुवटीवर जखमेचा व्रण, युद्धातला नव्हे, मोटारसायकलवरून पडल्याचा. व्यसन: नाही. वैर: नाही. गावातील प्रलंबित तंटे: निरंक.

शेवटचं कलम जरा तपासून घ्यावं लागतं. माळबोरीत तंटा नव्हता हे खरं, कारण तंट्याला दोन बाजू लागतात. सुभेदारांचं ज्या एका घराशी वाकडं होतं, त्या घरानं आपली बाजू कधी लढवलीच नाही. ते घर शांतवन चोपडे यांचं. शांतवन सांगलीकडे एका दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर आजोबांच्या वाटणीची जमीन करायला बायकोला, बनुबाईंना घेऊन गावी परतले. त्यांचा बांध सुभेदारांच्या उसाला लागून. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. रविवारी घरातच प्रार्थना, दोन गाणी आणि चहा. एवढ्यावर कुणाचं काही बिघडायचं कारण नव्हतं.

बिघडलं ते चहामुळं. सुभेदारांचा धाकटा भाऊ ज्योतिबा प्यायचा. दारूबंदीच्या फेरीत सुभेदार पुढं फलक धरून, आणि ज्योतिबा वेशीजवळच्या गटारात, असं दृश्य गावानं बऱ्याचदा पाहिलेलं. सुभेदारांनी सगळे उपाय केले. रागावले, मारलं, देवळात शपथा घ्यायला लावल्या, आपल्याच समितीपुढं उभा केला. शांतवननी त्याला चहाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. हा चहा वर्षभर चालला आणि ज्योतिबाची दारू सुटली.

घरात आनंद व्हायला हवा होता. साळूबाईंना, सुभेदारांच्या पत्नीला, तो झालाही. सुभेदारांना मात्र भाऊ गटारात पडला तेव्हा जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी तो दुसऱ्याचा हात धरून उठला तेव्हा वाटली. त्यात ज्योतिबा चोपड्यांच्या प्रार्थनेला बसू लागला आणि एक दिवस म्हणाला, "दादा, मला येशूनं उठवलं."

"मग त्याच्याकडंच जेव," सुभेदार म्हणाले.

ज्योतिबानं ते शब्दशः घेतलं. सांगलीला गेला आणि विश्रामबागेत एका कॉलेजवर वॉचमन लागला. इकडं सुभेदारांनी चोपड्यांचं पाणी बंद केलं. वाळीत टाकलं असा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते फक्त "आपल्यात पद्धत न्हाई" एवढंच म्हणायचे. लग्नात चोपड्यांना बोलवायची पद्धत न्हाई, त्यांच्या चुलीवरचं खायची पद्धत न्हाई. गावानं मान डोलावली. अध्यक्षाशी तंटा कोण करणार?

शांतवन ऐन उन्हाळ्यात वारले. चोपड्यांची जुनी माणसं गायरानाच्या कडेला पुरलेली होती. त्याच वाटेनं टेम्पो निघाला. पिंपळाखाली सुभेदार चार माणसं घेऊन रस्त्यात उभे होते.

"गायरानात माती द्यायची पद्धत न्हाई."

बनुबाई टेम्पोतून खाली उतरल्या. "आवं सुभेदार, ह्यांचा बाप तिथंच हाय की."

"तवा समिती नव्हती."

टेम्पो उन्हात उभा राहिला. आतल्या माणसांचे घसे कोरडे पडले. तेवढ्यात साळूबाई घरातून कळशी आणि तांब्या घेऊन आल्या. सुभेदारांनी त्यांच्या हातातली कळशी घेतली आणि रस्त्यावर ओतली. फुफाट्यात पाणी दिसेनासं झालं. साळूबाई रिकामी कळशी कडेवर घेऊन माघारी गेल्या. सांगलीहून ज्योतिबाचा फोन आला, इकडं जागा मिळते म्हणून, टेम्पो तसाच वळला आणि शांतवनना सांगलीच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत माती दिली गेली. समितीच्या पुढच्या बैठकीत सुभेदारांनी सांगितलं की प्रकरण शांततेत मिटलं.

पुढच्या वर्षांत सुभेदारांना त्या दुपारची आठवण फारशी झाली नाही. आठवली तर त्यांना आपला आवाज आठवायचा, चांगला खणखणीत लागला होता.

तीन वर्षांनी साळूबाई गेल्या. पोटाचं दुखणं निघालं आणि दिवाळीच्या आधी संपलं. मुलगा शंभूराज जम्मूहून विमानानं आला, त्यानं अग्नी दिला. माणसं नदीवरून परतली, आंघोळी झाल्या. आता घरात चूल पेटायची नव्हती. अशा दिवशी भावकीतलं कुणीतरी पिठलं-भाकरी घेऊन येतं आणि घरच्यांना बळंच बसवून खायला लावतं. त्याला कडू घास म्हणतात. तो आणल्याशिवाय दुःखातलं माणूस जेवत नाही आणि मागून घेतला तर तो कडू घास राहत नाही.

रणवऱ्यांची भावकी मोठी. 'रणवरे परिवार' नावाच्या ग्रुपवर दिवसभर भावपूर्ण श्रद्धांजली चालू होती. प्रत्येक घराला वाटलं की दुसऱ्या घरचा कडू घास निघाला असणार. थोरल्या आळीला वाटलं धाकटीचा, धाकटीला वाटलं थोरलीचा. हात जोडलेली चित्रं पाठवून सगळे निर्धास्त झाले. दिवेलागण झाली तरी कुणाचं ताट आलं नाही. सुभेदार ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. दुःख आहे की भूक, त्यांना नीट ओळखता येत नव्हतं, आणि हे कळून त्यांना आणखी वाईट वाटत होतं.

मग आतून सून संयोगिता ताटं घेऊन आली. पिठलं, भाकरी, फोडलेला कांदा.

"आलं म्हणायचं कुणाचं तरी," सुभेदार म्हणाले.

"जेवा, मामंजी."

ते जेवले. पहिली भाकरी त्यांनी खाली बघत खाल्ली. दुसरी त्यांनी मागून घेतली. पिठलं पुन्हा वाढायला सांगितलं.

"मीठ नेमकं हाय," ते म्हणाले. "साळूच्या हातावानी. कुणाकडचं गं? धाकट्या आळीचं न्हाई हे. तिथं पिठल्यात पाणीच जास्त."

संयोगिता पदराशी चाळा करत उभी राहिली. शंभूराजनं बायकोकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या उगाच सरकवला.

"सांग की."

"बनुमावशींकडचं," ती म्हणाली. "परसदारानं आल्या. म्हणाल्या, सांगू नको, त्यांच्या घशाखाली उतरायचं न्हाई."

घशाखाली तर दीड भाकरी उतरलेली होती. उरलेली अर्धी हातात होती. सुभेदारांनी पिठल्याचा टोप आपल्याकडं ओढला. पूर्वी लग्नातली भांडी नाव घालून देत, तशी कडेला मशीननं अक्षरं कोरलेली होती: शांतवन व बनु यांस प्रभूच्या नावे सप्रेम भेट. त्याच टोपातून त्यांनी दोनदा वाढून घेतलं होतं आणि मिठाचं कौतुकही केलं होतं.

उठून बाहेर थुंकावं असं त्यांना एक क्षण वाटलं. पण थुंकायला तोंडात काही नव्हतं. हातातल्या तुकड्याचं काय करावं ते कळेना. टाकावा तर अन्न, खावा तर चोपड्याचं. शेवटी त्यांनी तो खाल्ला. खाताना त्यांना फुफाट्यात मुरणारं पाणी दिसलं. या वेळी आपला आवाज काही ऐकू आला नाही.

टोप धुऊन खाटेखाली ठेवला गेला. तो परत कुणी द्यायचा हा प्रश्न निघाला. संयोगिता म्हणाली मी देते. सुभेदार म्हणाले ठेव. सुतकात कुणाच्या दारी जायची पद्धत नाही, हे कारण त्यांना फार सोयीचं पडलं. तेरावं होईपर्यंत ते त्या कारणाच्या आडोशाला बसून होते. पाहुणे यायचे, साळूबाईंचे गुण सांगायचे, आणि सुभेदारांची नजर खाटेखाली जायची. कडू घासाची ताटं न आणलेली भावकी तेराव्याच्या पंगतीला मात्र झाडून आली.

"नाना, त्या दिवशी तुमच्याकडं कुणाचं आलं हुतं म्हणायचं?" धाकट्या आळीच्या लालासाहेबानं बुंदी खाता खाता सुभेदारांना विचारलं. "आमाला वाटलं थोरल्या आळीचं."

"आलं हुतं," सुभेदार म्हणाले.

"मग बरं झालं."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कारण संपलं. टोप रिकामा परत द्यायचा नसतो. पण ज्यात दुःखाचं अन्न आलं त्यात काय घालून द्यायचं, याची पद्धत सुभेदारांना माहीत नव्हती, आणि हे विचारावं असं माणूस घरात उरलं नव्हतं. माळ्यावर साळूबाईंनी उन्हाळ्यात केलेल्या कुरडयांचा डबा होता. त्यांनी त्यातल्या कुरडया टोपात भरल्या. पुष्कळशा मोडल्या. टोप टॉवेलखाली झाकून ते भर दिवसा चोपड्यांच्या दाराशी गेले. झाकला होता तो कुणी बघू नये म्हणून, आणि मधल्या रस्त्यावर सगळ्यांनी बघितला.

बनुबाई अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत होत्या.

"या. बसा."

सुभेदार उभेच राहिले. टोप पुढं केला. बनुबाईंनी टॉवेल बाजूला केला आणि एक कुरडई उचलून बघितली.

"साळूबाईच्या," त्या म्हणाल्या. "गव्हाचा चीक जरा दाट ठेवती ती. ठेवायची."

"तुमाला काय ठाव?"

"पिठलं तिनंच शिकवलंय मला. आमच्यात निराळं करत्यात." त्यांनी भाजीचं सूप बाजूला ठेवलं. "ह्यांना माती देऊन मी सांगलीवरनं आले, त्या सांजच्याला ती परसदारानं आली. कळशी तशीच रिकामी घिऊन. म्हणली, माझ्या घरचं पाणी द्यायला आता मला तोंड न्हाई, तुझ्या घरचं मला दे. प्याली, आन रडली. मग येतच राह्यली."

सुभेदार मटकन ओट्यावर बसले. तीन वर्षं आपल्या बायकोनं आपली पद्धत पाळलेली नाही आणि घरात आपल्याला ती एकट्यालाच पाळावी लागली, हे त्यांना तिच्या तेराव्यानंतर कळत होतं.

"तुमाला माजा राग न्हाई आला?"

"आला की. मी काय देवदूत हाय व्हय?" बनुबाई म्हणाल्या. "वर्षभर सकाळ-संध्याकाळ तुमचं नाव घिऊन शिव्या दिल्या. सांगलीच्या चर्चमधल्या पाळकांना सांगितलं, तर ते म्हणाले, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. मी म्हणलं, माज्या जिभंवर न्हाई यायची. मग म्हणाले, त्यांच्या बायकोपासनं सुरू करा, सोपं जाईल. तसं केलं. साळूबाई म्हणता म्हणता एक दिवस पुढचं, तुमचं नाव बी तोंडातनं गेलं. गेलं ते गेलं."

"आन आता?"

"आता रोज करावं लागतंय. एकदा माफ केलं म्हंजी झालं, असं न्हाई ते. सकाळी उठलं की परत राग ताजा असतुया. प्रभूनं आमचं किती सोडलं, ते आठवलं की मग माजं बी सुटतंय. कवा लवकर, कवा दुपार हुती."

सुभेदारांना काहीतरी म्हणायचं होतं. तोंडात आयुष्यभर हुकूम होते, आणि आता जे लागत होतं त्यासाठी शब्द नव्हता.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "पाणी."

"व्हय."

"ते मी..."

"व्हय. ओतलं तुमी."

त्यांनी तोंडावर टॉवेल धरला. मघाशी टोप झाकायला घेतलेला तोच. बनुबाई पुन्हा भाजी निवडायला लागल्या. हे त्यांनी फार बरं केलं.

"मी काय करू?" टॉवेल खाली घेऊन सुभेदारांनी विचारलं.

"करायचं काय त्यात? माफी म्हंजी काय गिरामसभेचा ठराव हाय व्हय, काईतरी बदल्यात मंजूर करायला? केलीया. बास." मग त्या म्हणाल्या, "न्हाई म्हणायला रविवारी सांगलीला जायचंय, ह्यांच्याकडं. यष्टी बदलावी लागती आन गुडघं कुरकुरत्यात. तुमची गाडी रिकामी असंल तर बघा."

गाडी रिकामी होती. रविवारी सुभेदार बनुबाईंना घेऊन सांगलीला गेले. विश्रामबागेत ज्योतिबा गणवेशात कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. त्यानं दादांना कडक सॅल्यूट ठोकला. थट्टा होती की मान, कळलं नाही. दोन्ही असावं.

"जेवलास का रं?" सुभेदारांनी विचारलं.

"त्याच्याकडंच," ज्योतिबा म्हणाला आणि हसला. सुभेदारांना हसता आलं नाही.

ज्योतिबा सुट्टी काढून सोबत आला. स्मशानभूमीत शांतवनच्या कबरीशी बनुबाईंनी लावलेलं जास्वंदीचं रोप होतं. नळ फाटकाशी होता. सुभेदारांनी न सांगता बादली उचलली आणि पाणी आणून रोपाला घातलं. माती कोरडी होती. पाणी दिसेनासं झालं. ते पुन्हा बादली घेऊन गेले. ज्योतिबा म्हणाला, दादा, बास, मुळ्या कुजतील. तरी ते एक खेप करून आले.

पुढच्या ग्रामसभेत सुभेदार उठले. गायरानाची कड दफनासाठी राखावी, असा ठराव त्यांनी मांडला. आणि खाली न बसता म्हणाले, "शांतवन चोपड्याचा रस्ता मी अडवला हुता. ते चुकलं. लाज वाटती."

सभेत कुणीच कुणाकडं बघेना. लालासाहेबानं सावरायचा प्रयत्न केला. "नाना, तुमी एकट्यानं कुठं, ते समितीनं अडवलं."

"समिती म्हंजी मीच," सुभेदार म्हणाले. "आन पिंपळाखाली तू बी हुतास."

लालासाहेब मोबाईल बघू लागला. ग्रामसेवकानं कागदावर लिहिलं: विषय क्रमांक चार, गायरानातील जागेबाबत. चर्चा: सविस्तर. हरकती: निरंक. ठराव एकमताने मंजूर.

शांतवन चोपडे सांगलीत पुरलेले आहेत.