अंबूबाईचं गोड बंद

पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. भोसरीची अंबूबाई सुईण तेव्हा पंचावन्नच्या घरात होती. भोसरी, दिघी, मोशी इकडची बहुतेक बाळंतपणं तिच्याच हातची. बाळंतिणीनं डिंकाचा लाडू कधी खायचा, डाळ किती दिवस टाळायची, हे ती उंबऱ्यातूनच सांगे आणि घरातल्या सासवा मुकाट्यानं ऐकत.

त्या साली तिला सारखी तहान लागू लागली. लघवीला सारखं जावं लागे आणि त्या जागी मुंग्या जमत. दंडात चोळी सैल झाली. भाऊ गेल्यापासून त्याचा मुलगा भैरू तिच्याकडेच राहायचा आणि कारखान्यात कामाला जायचा. तोच तिला खडकीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिच्या लघवीत निळं औषध घालून नळी दिव्यावर धरली. औषधाचा रंग विटकरी झाला.

"मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "पिष्टमय पदार्थ आणि गोड बंद. भाकरी, भात, बटाटा, गूळ, काही नाही. अंडी, मटण, मासे, पालेभाजी खा. महिन्यानं या."

बाहेर आल्यावर अंबूबाईनं विचारलं, "पिष्ट म्हंजी काय रं?"

"पीठ असंल," भैरू म्हणाला. "पीठ आन् गोड. एवढं ध्यानात ठेव, आत्या."

तिनं ते मनापासून ध्यानात ठेवलं. भाकरीची परात फळीवर उलटी ठेवली. गूळ शेजारी देऊन टाकला. पण गोड म्हणजे नेमकं काय, हे ठरवताना तिची मती गुंग होई. दूध गोडच लागतं, म्हणून दूध सोडलं. दुधाचंच ताक, म्हणून ताकही. शेंगदाण्याच्या तेलाला सगळं गाव गोडं तेल म्हणायचं, म्हणून फोडणी गेली. डॉक्टरांनी पालेभाजी सांगितली होती खरी, पण परसात उगवायचा तो तांदुळजा. भात बंद म्हटल्यावर तांदुळजा कसा चालेल? तिनं तो उपटून शेळीला घातला. गावात दोन विहिरी होत्या, एक गोड्या पाण्याची, एक मचूळ. अंबूबाई मचूळ पाणी आणू लागली. ते घशाखाली उतरत नसे. लघवीचाच आजार, तर पाणी कमीच प्यालेलं बरं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

उरली अंडी. सकाळी दोन उकडलेली, संध्याकाळी दोन. रविवारी मटणाचे चार तुकडे, बिनतेलाचे.

तिसऱ्या आठवड्यात पोट दगडासारखं झालं. चार-चार दिवस कोठा साफ होईना. लघवीच्या जागी मुंग्या जमायच्या थांबल्या होत्या, म्हणजे आजार उतरत होता. मग अंगातलं त्राण का गेलं? पिंढऱ्यांत गोळे येत, कंबरेचं हाड ठणके. हजार बायकांना काय खायचं ते सांगणारी बाई चुलीपुढं नुसती बसून राही. कुणाला विचारावं हेही तिला समजेना. आजवर तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

अशात बरकतच्या घरून बोलावणं आलं. नाशिक रस्त्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोल्यांत घर. त्याची सून हसीना पहिलटकरीण होती. भर दुपारी मुलगी झाली, सगळं नीट झालं. नाळ बांधून अंबूबाई उठायला गेली आणि तिला उठताच येईना. उकिडवी बसलेली ती तशीच भिंतीला टेकली. आयुष्यात पहिल्यांदा बाळंतिणीआधी सुईणीला धरून उठवावं लागलं.

बरकतची बायको गौहर हिनं तांब्या पुढं केला. "पाणी प्या, मावशी."

"कोणत्या विहिरीचं?"

"गोड्या विहिरीचं की."

"मग नगं. मला गोड बंद हाय."

गौहरनं तांब्या खाली ठेवला. मग तिनं जवळ बसून एकेक विचारलं. दूध, तेल, तांदुळजा, सगळं बाहेर आलं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, नावात गोड असलं म्हणून पाण्यात साखर असती का?"

"ते मला कळतंय गं," अंबूबाई म्हणाली. "पर कळतंय तेच खरं का, ते कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी बरकतनं तिला एसटीत बसवून खडकीला नेलं. डॉक्टरांनी पुन्हा नळी दिव्यावर धरून पाहिली आणि सगळं ऐकून चष्मा काढला. "आजी, पाण्यानं साखर वाढत नाही. उलट पोटभर प्या. तांदुळजा रोज खा, त्यानं कोठाही साफ होईल आणि हाडांनाही बळ येईल. ताक प्या. तीळ, जवसाची चटणी खा. सुकट चालेल. तेलही थोडं घ्या. रोज उन्हातून फिरा. आणि दुपारी अर्धी भाकरी खा."

"भाकरी चालंल?"

"अर्धी."

"पीठ बंद म्हणला व्हता तुमी."

"आता थोडं सुरू करतोय. नळीचा रंग सुधारलाय."

हे ऐकून ती आणखीच बुचकळ्यात पडली. बंद असलेली वस्तू अर्धी सुरू कशी होते? पण या वेळी तिनं भैरूला विचारलं नाही. बरकतकडून सगळं तीन वेळा वदवून घेतलं आणि घोकत घरी आली.

आठ-दहा दिवसांत कोठा सुटला. कंबर सावकाश सुधारली, पण पुरती नाही. पुढं ती पाटावर बसूनच बाळंतपण करी. शंका काही संपल्या नाहीत. सीताफळं आली की खडकीला निरोप, हुरडा निघाला की निरोप. नाही म्हटलं तर का, आणि हो म्हटलं तर किती, हे तिला दर वेळी नव्यानं विचारावं लागे. डॉक्टरही कंटाळत नसत.

एकदा सोजराबाई नावाच्या बाळंतिणीनं तिला विचारलं, "अंबूबाई, मी ताक पिऊ का?"

पूर्वी तिनं पटकन उत्तर दिलं असतं. ती थांबली, पदर सावरला आणि म्हणाली, "थांब बाई. इचारून सांगते."